पवित्र कपाट रिकामं निघालं तो सोमवार

१

पडदा सरकला, दार उघडलं आणि पवित्र कपाट रिकामं निघालं.

अगदी रिकामं म्हणता यायचं नाही. खालच्या फळीवर चांदीचा मुकुट जिथल्या तिथे होता. वाचताना ओळीवर फिरवायची चांदीची काडीही होती. नव्हती ती फक्त तोराह, आपली धर्मपोथी. चामड्यावर हातानं लिहिलेली, दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली, मखमली खोळीतली, शाळेची एकुलती एक तोराह. सोमवारच्या सकाळच्या प्रार्थनेत ती बाहेर काढून वाचायची असते. मुलं उभी होती, शिक्षक उभे होते, म्हणत असलेलं स्तोत्र अर्ध्यावर थांबलं होतं.

जाळीच्या अलीकडे, बायकांच्या बाजूला, पहिल्या बाकावर इतिहासबाई होत्या. ही जागा त्यांनी कुणाला कधी दिली नाही. इथून सगळं दिसतं, आणि बाईंना काही दिसायचं राहून गेलं की जेवण गोड लागत नाही. आत्ताही त्यांनी आधी कपाट बघितलं आणि मग माणसं.

कपाटापाशी मोठे सर उभे होते. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, रब्बी म्हणजे धर्मगुरू, आणि इतिहासबाईंचे सख्खे धाकटे दीर. एक हात कोटाच्या खिशात, चेहरा पांढराफटक. अंगावर प्रार्थनेची शाल होती ती कोपरापर्यंतच येत होती. पाहुण्यांसाठी खुंटीला दोनचार शाली टांगलेल्या असतात, त्यातली. भावोजी आज घाईत निघालेले दिसतात, असं बाईंच्या मनात आलं आणि गेलं. अशा वेळी शालीकडे कोण बघतंय!

"चोरी," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग तो शब्द सगळ्या खोलीभर झाला.

संस्थेचे अध्यक्ष पलीकडच्याच रस्त्यावर राहतात. ते धापा टाकत आले आणि आल्या आल्या त्यांनी निकालही लावून टाकला. अध्यक्षांचं डोकं तसं चालतं. फक्त थांबत नाही ही अडचण.

"कुलूप फोडलेलं नाही. शनिवारी वाचन झालं, कपाट माझ्यासमोर बंद झालं. रविवारी शाळा बंद. मग रविवारी आवारात होतं कोण?"

आवारात होते किल्लीकाका. शाळेचे शिपाई. कमरेला किल्ल्यांचं एवढं मोठं जुडगं की ते येण्याआधी त्यांचा आवाज येतो. केस काळे होते तेव्हापासून या शाळेत आहेत. मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, तिथे ते आणि काकू राहतात. काका आपल्यातले नाहीत, यहुदी नाहीत. म्हणून तर शनिवारी, आपल्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, आपण ज्या कामांना हात लावत नाही ती काकाच करत आले, दिव्याच्या बटणापासून पाण्याच्या पंपापर्यंत. एरवी त्यांच्यावाचून कुणाचं पान हलायचं नाही. आज मात्र सगळ्यांना एकदम आठवलं की ते आपल्यातले नाहीत.

अध्यक्षांनी खोल्यांची झडती घ्यायला लावली. शिक्षकांनीच घेतली. पेट्या उपसल्या, गाद्या उलट्या केल्या, काकूंच्या ट्रंकेतले कपडे अंगणात आले, डब्यांत हात घालून बघितलं. डब्यात तोराह कशी मावेल हे कुणाला सुचलं नाही. काकू दारात उभ्या होत्या. रडत नव्हत्या. एकेकाचं तोंड नीट बघून ठेवत होत्या.

काहीही मिळालं नाही.

"काल संध्याकाळी कुठे होतास?" अध्यक्षांनी विचारलं. वयानं मोठ्या माणसाला अरेतुरे!

काकांनी मान खाली घातली. "इथंच होतो, साहेब."

ते खोटं आहे हे एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"शाळा सुटेपर्यंत वेळ देतो," अध्यक्ष म्हणाले. "मग पोलीस. आणि या खोल्या रिकाम्या करायच्या."

बाईंनी भावोजींकडे बघितलं. आता हे काहीतरी बोलतील. या माणसानं काकांच्या मुलीच्या लग्नात स्वतः खुर्च्या मांडल्या होत्या. पण भावोजी काही म्हणजे काही बोलले नाहीत.

"मी शोधते," इतिहासबाई म्हणाल्या. "शाळा सुटेपर्यंत ना? माझे तास गणिताच्या सरांकडे द्या. मुलांना इतिहास नाही कळला तरी एक दिवस चालेल."

लोक पांगले. बाई निघणार तेवढ्यात काकांनी त्यांना हळूच हाक मारली.

"बाई, मी खोटं बोललो."

२

"ते कळलंच मला," बाई म्हणाल्या. "आता खरं बोला, आणि लवकर."

काकांच्या मुलीला शनिवारी मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण, अडलेलं. रविवारी संध्याकाळी काकांना राहवेना. काकू आधीच तिकडे होत्या. गेटला कुलूप घातलं आणि ते नातीला बघायला गेले. रात्री उशिरा दोघंही परत आले.

"जागा सोडलीस तर नोकरी गेली समज, असं अध्यक्षांनी बजावलंय मला. मागे एकदा दवाखान्यात गेलो होतो तेव्हा. आता तुम्हीच सांगा बाई, काय बोलणार होतो मी तिथं?"

"नात कशी आहे?"

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. "नाक आमच्या हिच्यावर गेलंय." आणि मग त्यांना आपलं काय चाललंय ते आठवलं.

पण हळहळत बसून चालणार नव्हतं. काका नव्हते, म्हणजे संध्याकाळी शाळा मोकळी होती. कपाटाची किल्ली काकांच्या जुडग्यात असते तशी एक शिक्षकांच्या खोलीतल्या खणातही असते. ती कुणीही घ्यावी. प्रश्न एवढाच की बंद शाळेत शिरलं कोण. बाजूच्या फाटकाच्या किल्ल्या तिघांकडे. मोठे सर, गणिताचे सर आणि आबा. आबा म्हणजे तोराह-वाचन शिकवणारे म्हातारे गुरुजी. शाळेतल्या अर्ध्या शिक्षकांनाही त्यांनीच शिकवलेलं.

बाई प्रार्थनागृहात परत आल्या. आता तिथे कुणी नव्हतं. चांदीचा मुकुट त्यांनी उचलून बघितला. चांगला जड. चोर आला, कपाट उघडलं, चांदी ठेवली आणि चामडं नेलं? असा कसा चोर? काकांनी चोरायचं ठरवलं असतं तर मुकुट न्यायचा सोडून ज्यातलं अक्षर वाचता येत नाही ते कशाला नेतील?

आणि कपाट पुन्हा नीट बंद केलेलं. पडदा सरळ ओढलेला.

बाई वाचनाच्या मोठ्या टेबलाभोवती फिरल्या. मग गुडघे कुरकुरत असताना खाली वाकल्या. टेबलाच्या पायाच्या मागे, झाडू पोचत नाही अशा कोपऱ्यात, लाकडाचा एक कपचा पडला होता. करंगळीएवढा. एका बाजूनं गोल, गुळगुळीत, पॉलिश केलेला. दुसऱ्या बाजूनं ताजा तुटलेला.

बाईंनी तो लगेच ओळखला. वाचन झालं की दांड्याची खालची मूठ धरून तोराह उचलतात, सगळ्यांना अक्षरं दाखवतात आणि मग गुंडाळतात. हा त्या मुठीचा तुकडा होता.

बाई जमिनीवरच बसल्या. तोराह चोरीला गेली नव्हती. ती पडली होती.

कुणाच्यातरी हातून पडली होती. इथे, या फरशीवर. तोराह हातून पडणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. लहानपणी त्यांच्या आजोबांच्या प्रार्थनागृहात एकदा तसं झालं होतं, आणि जी मोठी माणसं तिथे होती त्यांनी नंतर कितीतरी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तोंडात पाणी घेतलं नव्हतं. ज्याच्या हातून पडते तो उपास करतो. जो बघतो तोही करतो. घरात सुतक आल्यासारखी ती माणसं दबक्या आवाजात बोलायची.

ज्यानं कुणी ही तोराह लपवली होती तो सगळ्या शाळेशी खोटं बोलू शकत होता. पण पडलेल्या तोराहचा उपास चुकवणारा माणूस या शाळेत नव्हता. एक गोष्ट लपवायची आणि दुसरी पाळायची, हे फक्त आपल्यातलाच कुणी करील.

बाईंनी कपचा रुमालात बांधला आणि त्या उठल्या. जेवणाची घंटा झाली होती. आता बघायचं होतं ते इतकंच, की आज कोण जेवत नाही.

३

शिक्षकांच्या जेवणाच्या लांब टेबलाशी आज कुणाचं लक्ष जेवणात नव्हतं. पण जेवत मात्र सगळे होते. गणिताचे सर तर दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

"तुम्हाला भूक कशी लागते हो अशा दिवशी?" बाईंनी त्यांच्या शेजारी बसकण मारली.

"बाई, टेन्शन आलं की मला दुप्पट लागते. परीक्षेच्या दिवसात तर माझी बायको हात टेकते."

"काल संध्याकाळी बाजूच्या फाटकातून तुम्ही काहीतरी लांबलचक गुंडाळी घेऊन गेलात. पलीकडच्या शिंप्यानं बघितलंय." बाईंनी हे ठोकूनच दिलं होतं. जेवायला येता येता त्यांनी शिंप्याला विचारलं होतं, तेव्हा त्यानं फक्त 'कुणीतरी गेलं' एवढंच सांगितलं होतं.

सरांचा घास तोंडातच राहिला. टेबलावरचे चमचे थांबले.

"दुपारी," सर पडेल आवाजात म्हणाले. "संध्याकाळी नाही, दुपारी. आणि... ती तुमचीच होती."

"माझी?"

"जगाचा नकाशा. पुतण्याला प्रोजेक्टसाठी हवा होता. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही दिला असतात का?"

"मुळीच नसता दिला!" बाई कडाडल्या. पंधरवडाभर तो नकाशा अधूनमधून गायब होत होता, आणि त्यासाठी त्यांनी साऱ्या मुलांना धारेवर धरलं होतं. "आणि आधीही तुम्हीच नेत होतात वाटतं? उद्या सकाळी भिंतीवर दिसला पाहिजे. सुरकुती न पडता."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांनी ताटातलं सगळं संपवलं. ज्याच्या हातून काल तोराह पडली तो माणूस असं पुसूनपासून जेवणार नाही. बाईंनी त्यांना मनातून सोडून दिलं, नकाशाचं मात्र सोडलं नाही.

टेबलाच्या टोकाला आबा बसले होते. समोर ताट नाही, ग्लास नाही. दोन्ही हात काठीवर, आणि ते हात थरथरत होते. नेहमीच थरथरतात.

आबा नको, असं त्यांना फार वाटलं.

"आबा, जेवत नाही?"

"सोमवार आहे ना बेटा. सोमवारचा उपास कधीपासून करतोय मी, तुला ठाऊक नाही होय?"

ठाऊक होतं. जुनी धार्मिक माणसं करतात तसा आबा दर सोमवारी उपास करायचे. पण उपासाच्या आड उपास लपतोही. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"आबा, रागावू नका. तोराह उचलायचा मान तुमचा होता. वर्षापूर्वी भावोजींनी तो काढून घेतला. हात कापणाऱ्यानं तोराहला हात लावू नये, असं सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्हाला लागलं असेल."

"लागलं," आबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? घरी जाऊन रडलो. पण तो म्हणाला ते चूक नव्हतं गं. म्हणायची जागा चुकली." ते जरा थांबले. "त्याच दिवशी फाटकाची किल्ली मी त्याच्या टेबलावर ठेवून आलो. मान नाही तर किल्ली कशाला? अजून त्याच्याच टेबलाच्या खणात पडली असेल. जाऊन बघ."

"बघते," बाई म्हणाल्या. पण त्यांची खात्री पटली होती. आबांच्या डोळ्यांत दुःख होतं, भीती नव्हती.

मग राहिलं कोण?

हा प्रश्न बाईंच्या मनात स्पष्ट उभा राहिला, आणि त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. चांगली खणखणीत पाठ फिरवली. नवरा गेला तेव्हा दोन लहान पोरं पदरात होती. त्या वेळी दाराशी कोण उभं राहिलं होतं? वहिनी, उद्यापासून शाळेत या, असं कोण म्हणालं होतं? पोरांच्या डोक्यावरून हात कुणी फिरवला? नाही, नाही. काहीतरी चुकतंय आपलं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाणी तरी प्यावं म्हणून. स्वयंपाकाच्या मावशी भांडी विसळत होत्या, धर्माच्या नियमाप्रमाणे दुधाची एका मोरीत, मटणाची दुसरीत, आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"आज सगळ्या शाळेला झालंय काय? आबांचं एक समजू शकते. पण मोठ्या सरांनी पाण्याला शिवू नये? ताट परत, पाणी परत, चहाचा कप तर आहे तसा परत." त्यांनी ओट्यावरचा कप दाखवला. कोरा चहा, काठोकाठ, गारढोण. "काळजीनं माणसाचं अन्नपाणी तुटतं म्हणतात ते हेच. सकाळी कपाट रिकामं बघितलं आणि बिचाऱ्यांची..."

"मावशी." बाईंचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "हा चहा त्यांच्या खोलीत कधी नेलात?"

"रोज नेते तेव्हाच. प्रार्थनेला जायच्या आधी. उठल्यावर चहा नाही मिळाला तर डोकं धरून बसतात ते. का हो?"

बाईंनी हातातला पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला. प्रार्थनेच्या आधी. म्हणजे कपाट उघडायच्या आधी. म्हणजे सगळी शाळा बिनघोर होती तेव्हा.

४

मुख्याध्यापकांच्या खोलीपाशी बाई पोचल्या तेव्हा दार उघडत होतं. भावोजी बाहेर येत होते, पण पाठमोरे. तोंड खोलीकडे, एक एक पाऊल मागे टाकत. दार ओढताना त्यांनी आत बघून मान किंचित झुकवली. मग वळले आणि वहिनी दिसताच दचकले.

"वहिनी! चला, लायब्ररीत बसू."

"सकाळपासून सगळ्यांना लायब्ररीतच बसवताय तुम्ही. मला तुमच्या खोलीत बसायचंय."

"तिथे पसारा आहे."

"मला पसाऱ्याचं काही वाटत नाही. दोन पोरं वाढवलीत मी."

त्या सरळ आत शिरल्या. भावोजी मागोमाग आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाई खुर्चीत बसल्या नाहीत. भावोजीही बसले नाहीत.

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. टेबल, खुर्च्या, पुस्तकांची उंच लाकडी कपाटं. सगळ्यात उंच कपाटाच्या माथ्यावर, स्वच्छ पांढऱ्या कापडावर, करड्या पट्ट्यांच्या रुंद शालीत गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. त्याच्या वर काही ठेवलेलं नव्हतं. ती शाल बाईंच्या ओळखीची होती. लग्नात सासऱ्यांनी दिलेली. भावोजी तिच्याशिवाय एक दिवस प्रार्थनेला उभे राहिले नव्हते, आजचा दिवस सोडून.

"दुसऱ्या कुणी लपवली असती तर पलंगाखाली लपवली असती," बाई म्हणाल्या. "पेटीत कोंबली असती. तुम्ही ती सगळ्या पुस्तकांच्या वर ठेवलीत. स्वतःची शाल तिच्यावर घातलीत आणि पाहुण्यांची तोकडी शाल घालून कपाटासमोर उभे राहिलात. सकाळपासून या खोलीत बसला नाहीत. तिच्याकडे पाठ होऊ नये म्हणून बाहेर पडताना उलटे चालताय. चोरी अशी करतात होय भावोजी?"

भावोजींनी ओठांवरून जीभ फिरवली. ओठ कोरडेठाक होते.

"आणि चहा. काळजीनं तहानभूक गेली असती तर कपाट उघडल्यानंतर गेली असती. तुम्ही त्याच्या आधीच चहा सोडलात. तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं." बाईंनी रुमाल सोडून लाकडाचा तुकडा टेबलावर ठेवला. "टेबलाच्या पायापाशी होता. आता खिशातला हात बाहेर काढा."

मग भावोजींनी उजवा हात बाहेर काढला. तो थरथरत होता. त्यांनी डाव्या हातानं तो धरून बघितला, तरी थरथरत होता.

"दोन महिने झाले," ते म्हणाले. "आधी फक्त बोटं. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. मी आबांना सगळ्यांसमोर काय म्हणालो ते तुम्हाला आठवतंय ना वहिनी? मला रोज आठवतं. काल संध्याकाळी आलो, म्हटलं उचलून बघावी एकदा. कुणी नसताना. जमतंय का बघावं. जमत होतं हो. डोक्याच्या वर नेली. आणि मग..." त्यांनी टेबलावरच्या तुकड्याकडे बघितलं. "मुठीचा टवका उडाला. त्या आवाजानं माझी रात्र गेली."

हा त्यांच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ होता. लग्नानंतर पहिल्या दिवशी दाराआडून त्यांना चिडवणारा पोरगा.

"मला वाटलं, तोराह हातानं लिहितात त्या लेखकाकडे गुपचूप नेऊन दुरुस्त करून आणावी. आज दुसरीकडून तोराह मागून आणून वाचन करू, काहीतरी सांगू. पण सकाळी मला आधी बोलायचं धाडस झालं नाही. दार उघडलं, कुणीतरी 'चोरी' म्हणालं. मी काही म्हणालो नाही, वहिनी. काकांचं नाव मी घेतलं नाही."

"नाही घेतलंत. पुसलंतही नाही." बाईंचा आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. "त्यांच्या बायकोचे कपडे अंगणात फेकले जात होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात! दर वर्षी आठवीच्या मुलांना तुम्ही काय शिकवता? चारचौघांत माणसाचा अपमान करणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. तोराह हातून पडली म्हणून उपास धरलात. माणूस पाडताय, त्याला काय धरणार आहात?"

"सांगितलं तर उद्या या शाळेत तोंड कसं दाखवू?"

"तोंड काकांनाही आहे."

बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली. खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकापाशी पोलिसांची गाडी येऊन थांबली होती.

"माझ्या घराचा भार तुम्ही वाहिलात," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणून आधी तुमच्याकडे आले. तुम्ही सांगितलंत तर बरं होईल. नाही सांगितलंत तर मी सांगेन. पाच माणसांत, मोठ्यानं."

त्या खोलीबाहेर पडल्या. निघताना त्यांच्याही नकळत त्या उलट्याच चालल्या. भावोजी जागचे हलले नव्हते.

५

अंगणात गर्दी होती. मुलं दप्तरं पाठीला लावून उभी होती आणि त्यांना घरी पाठवायचं कुणाला सुचत नव्हतं. काकू आपल्या खोलीच्या पायरीवर होत्या. मागे दारातून आतला उपसलेला पसारा दिसत होता. अध्यक्षांनी काकांकडे हात पुढे केला. काकांनी कमरेचं जुडगं सोडलं आणि दिलं. जुडगं गेल्यावर ते अंगानं एकदम लहान दिसायला लागले.

"चला," पोलीस म्हणाला.

बाई पुढे झाल्या. "थांबा हो," त्या म्हणाल्या. "यांनी काही केलेलं नाही. तोराह..."

"वहिनी, तुम्ही नका बोलू. मी सांगतो."

भावोजी पायऱ्या उतरून येत होते. दोन्ही हात खिशाबाहेर होते. सगळ्यांना ते हात दिसले, आणि कुणीतरी मुलांतलं कुजबुजलं, आबांसारखे हात.

त्यांनी फार शब्द वापरले नाहीत. तोराह चोरीला गेली नाही. काल संध्याकाळी माझ्या हातून पडली. मी लपवली. ती माझ्या खोलीत आहे. सकाळी मी बोललो असतो तर यातलं काहीच झालं नसतं, आणि मी गप्प बसलो. मग ते आबांकडे वळले. "आबा, तुम्हाला जे सगळ्यांसमोर म्हणालो ते आज सगळ्यांसमोर मागे घेतो."

आबा काठी टेकत आत निघाले, तोराहकडे. गणिताचे सर धावत जाऊन त्यांच्याबरोबर चालू लागले.

अध्यक्ष तोंडात मारल्यासारखे उभे होते. "पण रब्बी, मग तुम्ही मला सकाळी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. हातातल्या जुडग्याचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते काकांपुढे धरलं. काकांनी घेतलं नाही.

भावोजी काकांसमोर येऊन उभे राहिले. "देवाशी केलेल्या चुकीला उपास पुरतो," ते म्हणाले. "तुमच्याशी केलेली चूक तुम्हीच माफ करायची. तुम्ही कराल ती शिक्षा मला कबूल आहे. मी माफी मागतो, काका."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. रागानं नाही, पण मऊपणानंही नाही. इतकी वर्षं रोज बघितलेला चेहरा पहिल्यांदा बघावा तसं बघत होते. बोलल्या त्या काकू.

"माफीचं नंतर बघू," त्या पायरीवरून म्हणाल्या. आवाज अंगणभर गेला. "माझं घर सकाळी तुम्ही सगळ्यांनी उपसलंत. ते आधी लावून द्या. जे जिथे होतं तिथे. मी सांगते तसं."

कुणी हललं नाही.

"काय? उपसायला हात होते ना?"

पहिल्या इतिहासबाई पुढे गेल्या. त्यांच्यामागून भावोजी. मग मान खाली घालून एक एक शिक्षक. सगळ्यात शेवटी अध्यक्ष आले, जुडगं अजून हातातच होतं. काकूंनी त्यांना डबे लावायला बसवलं आणि तीनदा पुन्हा लावायला लावलं. गाद्या सरळ झाल्या, ट्रंक भरायला घेतली.

अंगणातून आणलेल्या मातकट चादरी बाईंनी झटकून दिल्या. भावोजी एक चादर घडी करायला लागले. कापरा हात, मोठी चादर. एक टोक धरलं की दुसरं निसटत होतं. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. सगळे शिक्षक बघत होते, आणि आज त्यांनी तो हात खिशात घातला नाही.

काका दारात उभे राहून हे बघत होते. मग ते आत आले आणि त्यांनी खाली लोंबणारी दोन टोकं उचलली.

"घट्ट धरा, सर," ते म्हणाले. "मी येतो तुमच्याकडे."